रिटर्नची एक ओळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, चळवळीतल्या सोबत्यांना नाही — आणि मिलिंदला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझे लेख वाचता आणि मला सच्चा समजता.

मी तलवाड्याचा. आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. बाबा जयंतीला ती वाटायचे, उरलेली मी पाठ करायचो. माणसाला न सांगता वगळणं हा अन्याय आहे — हे वाक्य बीडच्या कॉलेजात येईपर्यंत मी कितीदा लिहिलं असेल. लिहायला काय लागतं?

मिलिंद चकलांब्याचा, माझ्याच खोलीत राहायचा. शेवटच्या वर्षी आम्ही दोघांनी एक छोटा कंपायलर लिहिला — मराठी शब्दांत लिहिलेला प्रोग्राम मशीनला कळेल असा करून देणारा. प्रोग्राम वाचून त्याची रचना लावायची, हे माझं काम. मिलिंदकडे तपासणी होती: ज्या ओळीपर्यंत प्रोग्राम कधी पोहोचणारच नाही, तिचं काय करायचं? पुष्कळ कंपायलर ती गुपचूप काढून टाकतात. मी म्हणालो, असा प्रोग्राम सरळ नाकारायचा.

"आडवू नको बे," मिलिंद म्हणाला. "माणूस लिहिता लिहिता आर्धं ठिवतो. पण काढायचं तर त्याला सांगून काढ."

आणि त्याने ते करून दाखवलं. पडद्यावर यायचं — ‘ओळ बारा कधीच चालणार नाही. प्रोग्राम ओळ अकरावरूनच परत जातो.’

न सांगता वगळू नये — ते माझंच वाक्य होतं ना? मी पत्रकात लिहिलेलं — त्याने चालवून दाखवलेलं. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हा लिहितो, तो करतो." वर्ग हसला. मीही हसलो. पण त्या दिवसापासून — कसं सांगू — त्याची बोटं कीबोर्डवर फिरताना मला बघवेनात.

पुण्याच्या एका कंपनीची माणसं प्रकल्प बघायला येणार होती. नोकरीची जागा एकच. त्या दुपारी मिलिंद जेवायला गेला, मशीन उघडंच होतं. मी त्याच्या तपासणीच्या अगदी वर एक ओळ टाकली. रिटर्न. म्हणजे इथूनच परत जा. खाली त्याच्या दोनेकशे ओळी जशाच्या तशा — फक्त तिथवर आता काहीच पोहोचणार नव्हतं. आमच्या लॅबमध्ये कंपायलरचे इशारे, म्हणजे वॉर्निंग, बंद ठेवायची रीत होती. पडद्यावर पिवळ्या ओळी दिसल्या की परीक्षक मार्क कापायचे. त्यामुळे ज्या कंपायलरवर आमचा कंपायलर तयार व्हायचा, तो काही बोलला नाही. तो बोलणार नाही, हे मला माहीत होतं.

पाहुण्यांसमोर मिलिंदने मुद्दाम कधीच न चालणारी ओळ घातलेला प्रोग्राम दिला. पडद्यावर काहीच आलं नाही. पुन्हा दिला. "कावून दाखवंना?" तो स्वतःशीच पुटपुटला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग मी माझा भाग दाखवला. तो चालला. जागा मला मिळाली.

पाहुणे गेल्यावर त्याला ती ओळ सापडली. ती खोडत तो म्हणाला, "मीच टाकली आसंल, तपासताना. काढायची ऱ्हायली. लई शाना समजत हुतो सोताला."

मी काय केलं? त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

आता तो सिरसाळ्यात ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवतो. मागच्या महिन्यात मी एक लेख लिहिला — कंपायलरने न पोहोचणाऱ्या ओळी गुपचूप का वगळू नयेत, यावर. त्याचा फोन आला. "लई भारी लिवलंस गड्या. फकस्त एक ऱ्हायलं — नुसतं चालणार न्हाई म्हणून भागत न्हाई, कुणामुळं चालणार न्हाई तेबी दाखवावं लागतं." अख्ख्या लेखात एवढी नेमकी ओळ नव्हती. आणि तुम्हाला खोटं वाटेल — मी पुन्हा जळलो.

त्या लेखात त्याचं नाव नाही. त्याला अजूनही वाटतं, ती ओळ त्यानेच टाकली होती.

ती मी टाकली.