तेरवीच्या पत्रावळी

आमच्या ह्यांना खताच्या खड्ड्याचं भारी वेड. आर्णीतल्या घरामागे, कढीपत्त्याच्या झाडाजवळ तो खड्डा होता. स्वयंपाकघरातला कागद तिथं टाकायचा तर आधी ह्यांची तपासणी. भज्यांचं तेल टिपलेला टिश्यू चालायचा, तेलानं थबथबलेला नाही. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे भिजवून, बोटांनी बारीक फाडून टाकायचे. चहाचा कागदी कप दिसला की मात्र चिडायचे. "टाकू नोको तो, आतून पन्नी असते त्याले," म्हणायचे आणि नखानं ती प्लास्टिकची पन्नी सोलून मला दाखवायचे. दर वेळी. मला कंटाळा यायचा.

गेले त्याच्या आदल्या सकाळीही ते ट्रेच फाडत बसले होते.

तेरवीला घर माणसांनी भरलं होतं. मला काहीच वाटत नव्हतं. कुणी जेवायला बसवलं की जेवत होते, कुणी रडलं की बघत होते. मागच्या दारातून दिसलं, दीर उष्ट्या पत्रावळी ह्यांच्या खड्ड्यात ओतत होते. चकचकीत, चंदेरी. पूर्वी पळसाच्या पानांच्या असायच्या, उकिरड्यावर सडून जायच्या; हातांची सवय तीच राहिली. "कागदच त हाय वैनी, सडते मातीत," ते म्हणाले आणि वरून माती लोटली.

उन्हाळ्यात अंडी उकडताना तो ट्रे आठवला. ह्यांच्या हातचं शेवटचं काम तेच. त्याचा एखादा तुकडा तरी मिळावा म्हणून मी फावडं घेऊन मागे गेले.

वरच पत्रावळी लागल्या. मळलेल्या, मऊ पडलेल्या, पण अख्ख्या. एकेक उपसून पोत्यात भरल्या. राग यायला हवा होता, आला नाही. खाली काळी भुसभुशीत माती होती. ती चाळणीनं चाळली, बोटांनी चाचपली. टिश्यू नाही, पुठ्ठा नाही, ट्रेचा कपटासुद्धा नाही. ह्यांनी टाकलेल्या सगळ्याचं, त्यांना हवं होतं तसं, खत झालं होतं. ते कढीपत्त्याला घातलं.

पोत्याचं तोंड बांधताना एक पत्रावळ बाहेर आली. तिची पन्नी मी नखानं सोलून पाहिली. सहज सुटली. ती हातात धरून दाखवायला मागे वळले, आणि ते गेलेत हे मला तेव्हा कुठं कळलं.