डाव्या बाजूचा नारिंगी कोन

शाळा मी चौथीपर्यंतच पाहिली. पुढचं सगळं गाडीनं शिकवलं. निपाणीकडच्या गावातून बेंगळुरूला आलो तो लॉरीवरचा क्लीनर म्हणून. मग लॉरी चालवली, आणि मग निवृत्त होईपर्यंत एका कारखान्याच्या साहेबांची गाडी. एवढ्या वर्षांत माझ्या गाडीनं कुणाला खरचटलंसुद्धा नाही. हे मी अभिमानानं सांगतो. ज्याला खटकेल त्याला खटको.

त्यामुळे मुलगा जेवताना म्हणाला, "बाबा, आता गाडी चालवणं बंद करा," तेव्हा मी ताटावरून उठलो.

झालं होतं एवढंच, की आमच्या राजाजीनगरच्या इमारतीच्या तळघरात गाडी लावताना दार खांबाला घासलं. महिन्यात दोनदा घासलं. वॉचमन दिवा लावत नाही तर दुसरं काय होणार? पण दुसऱ्या दिवसापासून किल्ली मुलाच्या कपाटात. गाडी माझ्या नावावर, निवृत्त झाल्यावर माझ्या कमाईतून घेतलेली, साधी छोटी गाडी. आणि किल्ली मात्र मागून घ्यायची, तीही पोटच्या पोराकडे!

सून पुण्याची. कोरमंगलाला कॉम्प्युटरच्या ऑफिसात कामाला. किल्ली तिला मिळायची, मला नाही. एका संध्याकाळी ती कागद घेऊन आली.

"बाबा, इथे सही हवी होती. गाडी तुमच्या नावावर आहे ना."

"कशाची सही?"

"ऑटोक्रॉस आहे रविवारी. ऑफिसातले आम्ही तिघं-चौघं जातोय."

"शर्यत म्हण की सरळ."

"शर्यत नाही हो. एका वेळी एकच गाडी. मोकळ्या डांबरी मैदानात नारिंगी कोन मांडतात, रस्त्याचं काम चालू असलं की ठेवतात ना, तसले. त्यांच्यामधून वळणं घेत जायचं आणि शेवटी चौकोनात थांबायचं. घड्याळ लावून. कोन पडला की वेळ वाढते."

"आणि ह्याला खास गाडी लागत नाही?"

"रोजची गाडी चालते. म्हणून तर सुरुवात इथून करतात. मग पुढे तमिळनाडूत खऱ्या ट्रॅकवर जाता येतं. तुम्हीपण या ना! एका गाडीवर दोघांची नावं चालतात."

मुलगा सोफ्यावर होता. तो हसला. "बाबा? कोनांमधून? अगं, तळघरात एक खांब..." आणि थांबला.

मी सही केली. माझी सही मोठी असते, वेळ लागतो. झाल्यावर म्हणालो, "माझंही नाव घाल. आणि तू ऐक रे. रविवारी एकही कोन न पाडता गाडी नेऊन दाखवली, तर किल्ली माझ्या खिशात राहील. पाडला, तर जन्मात मागणार नाही."

"बाबा, मी चेष्टा केली."

"मी नाही केली."

रविवारी सकाळी विमानतळाच्या पलीकडच्या एका कॉलेजच्या मैदानावर पोचलो. मुलगा आला नाही. पंचवीस-तीस गाड्या होत्या, सगळ्या आपल्या घरच्यासारख्याच. कुणाच्या मागच्या काचेला 'बेबी ऑन बोर्ड'ची पाटी. तिथे पहिली गोष्ट म्हणजे गाडी रिकामी करायची. जॅक, पाण्याच्या बाटल्या, पायपुसणी, छत्री, सगळं बाहेर. डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा काढायला लावला. देवाला सुटी वस्तू म्हणाले, ते मला आवडलं नाही. मी तो शर्टाच्या खिशात ठेवला. मग टायरची हवा पाहिली, ब्रेक पाहिला, हेल्मेट दिलं. तपासणारा कन्नड गृहस्थ पन्नाशीचा असेल. तो माझ्या पायांकडे बघून म्हणाला, "अज्जा, शूज?" अज्जा म्हणजे आजोबा.

मी चप्पल काढून अनवाणी चालवतो. पायाला पॅडल कळलं पाहिजे. आमच्या वेळचे सगळे लॉरीवाले असेच. पण नियम म्हणजे नियम. सुनेनं पिशवीतून मुलाचे कॅनव्हासचे बूट काढले. घरूनच आणले होते तिनं, आणि मला सांगितलं नव्हतं.

गाडी चालवण्याआधी सगळ्यांनी मैदान पायी फिरायचं असतं. बाकीचे हातात नकाशाचा कागद घेऊन हिंडत होते. मला कागदाचा उपयोग नव्हता. मी पावलं मोजली. मला पाट्या नीट वाचता यायच्या नाहीत, इंग्रजी तर नाहीच, म्हणून सगळे रस्ते मी असेच पाठ केलेत. कुठे झाड, कुठे पिठाची गिरणी, तिथून किती अंतरावर वळण. पहिल्या सरळ पट्ट्यात बावीस पावलं, मग उजवीकडे, मग नागमोडी पाच कोन, मग मोठं वळण. सून तिसऱ्या वळणावर चुकली आणि मलाच विचारायला लागली, "बाबा, इथून कुठे?" मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

तीन फेऱ्या प्रत्येकाला. माझी पहिली ठीक गेली असं मला वाटलं. शेवटच्या चौकोनापाशी ब्रेक मी नेहमीसारखा दाबला-सोडला, दाबला-सोडला. जुन्या लॉरीला एकदम ब्रेक मारला तर चाकं लॉक होतात, गाडी आडवी जाते, म्हणून आम्ही तसे शिकलो. गाडी चौकोन ओलांडून दोन हात पुढे गेली. आणि तो कन्नड गृहस्थ एक बोट वर करून आला. "वन कोन, अज्जा. लेफ्ट."

"कुठला? मला तर काही लागलं नाही."

त्यानं मागे दाखवलं. नागमोडीतला एक कोन लोळत पडला होता.

"बुटांमुळे," मी सुनेला म्हणालो. "पाय मुका झालाय."

"बूट राहू द्या. ब्रेक असा सोडू नका ना, बाबा. एकदाच दाबायचा आणि धरून ठेवायचा. पॅडल पायाखाली थरथरेल, थरथरू दे. गाडीच चाकं सांभाळते आता."

"तू मला ब्रेक शिकवणार?"

"होय की!" ती माझ्याच तोऱ्यात म्हणाली आणि तिच्या फेरीला गेली. तिनं दोन कोन उडवले आणि खिदळत परत आली. तिला कोन पडल्याचं काहीच वाटत नव्हतं. ती काही गमावत नव्हती.

दुसऱ्या फेरीत मी तिचं ऐकलं. पॅडल पायाखाली खडखडलं, सगळं अंग म्हणत होतं की सोड, काहीतरी मोडलं. मी धरून ठेवलं आणि गाडी चौकोनाच्या मधोमध उभी राहिली. सत्तरीनंतर ब्रेक मारायला शिकलो आणि तो सुनेकडून. पण गृहस्थ पुन्हा आला, पुन्हा एक बोट. पुन्हा डावा.

"हेल्मेटमुळे बाजूचं दिसत नाही," मी म्हणालो. तो गृहस्थ हसला आणि "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, असं म्हणून गेला. म्हाताऱ्या माणसाशी कुणी वाद घालत नाही, त्याचाही राग येतो.

हेल्मेट काढलं. घाम फार आला होता. पंचा घेऊन तोंड पुसायला लागलो. उजव्या डोळ्यावर पंचा होता आणि डावा उघडा. समोर मैदान होतं, आकाश होतं, पण कोन एकही नव्हता. सगळीकडे पातळ पेजेसारखं पांढुरकं. पंचा बाजूला केला तर सगळे कोन जागच्या जागी. पुन्हा झाकला. पुन्हा पेज.

मी गाडीच्या दाराला टेकून उभा राहिलो. बुटांचं कारण संपलं, हेल्मेटचं संपलं आणि वॉचमनच्या दिव्याचंही संपलं. दोन्ही वेळा खांबाला घासलं होतं ते डावंच दार. इतके दिवस एका डोळ्यानं चालवत होतो आणि मला पत्ता नव्हता. रोज आरशात बघून दाढी करतो, तरी पत्ता नव्हता.

"बाबा, पाणी देऊ? नको असेल तर तिसरी फेरी सोडा."

"सोडू कशाला?"

सांगायला हवं होतं तिला तेव्हाच. पण मी हट्टी माणूस, आणि किल्ली डोळ्यांसमोर होती. तिसऱ्या फेरीला बसलो. ह्या खेपेला डावीकडे बघण्याचा प्रयत्नच केला नाही. मोजलेली पावलं आठवली. बावीस, उजवीकडे. आता डाव्या अंगाला पहिला, स्टिअरिंग एवढं. आता दुसरा. डावीकडचे कोन मी बघत नव्हतो, आठवत होतो. चौकोनात ब्रेक धरून ठेवला.

गृहस्थ बोट न दाखवता आला. त्यानं रिकामी मूठ दाखवली. एकही नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वेळ काही फार चांगली नव्हती, पण वयाकडे बघून वाजवल्या असतील.

सून धावत आली. "बाबा, क्लीन! जिंकलात तुम्ही!"

"आधीच्या दोनांचं काय?"

"त्या धरतच नाहीत. तीनातली सगळ्यात चांगली फेरी धरतात, नियमच आहे. मी सांगते ना त्याला घरी." आणि तिनं किल्ली माझ्यापुढे धरली. "घ्या. जाताना तुम्हीच चालवायची."

मी हात पुढे केला होता, हे लपवत नाही. किल्लीला बोटं लागलीसुद्धा. नियमानं मी जिंकलो होतो. मुलगा तोंड वर करून बोलू शकला नसता. पण मैदानातले कोन मांडले तिथेच उभे राहतात. राजाजीनगरच्या शाळेसमोर डावीकडून सायकल येते, पोर चेंडूमागे पळतं, त्यांची पावलं कोण मोजून ठेवणार?

"तू चालव," मी म्हणालो आणि डावीकडच्या सीटवर बसलो.

"दमलात?"

मी पट्टा लावून घेतला. हेब्बाळचा पूल आला. मग सिग्नलला सांगितलं, पंच्यापासून सगळं. तिनं ऐकून घेतलं. सिग्नल हिरवा झाला तरी ती माझ्याकडेच बघत होती, मागचे हॉर्न वाजवायला लागले.

"म्हणजे ती शेवटची फेरी तुम्ही..."

"पाठ होती म्हणून."

"ह्याला मी सांगू?"

"माझ्या तोंडानं मी सांगेन."

घरी मुलानं दार उघडलं आणि पहिलं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही. तिनं तोंड मिटून ठेवलं. मी आत गेलो, बूट काढून त्याच्यापुढे ठेवले आणि उभ्या उभ्याच म्हणालो, "एका फेरीत एकही पडला नाही. नियमानं मी जिंकलो, ते आधी ऐक."

"बरं, बाबा."

"आता दुसरं ऐक. डाव्या डोळ्यानं मला दिसत नाही. उद्या सुट्टी काढ आणि डॉक्टरकडे ने. तोवर गाडी मी चालवणार नाही. तू म्हणालास म्हणून नाही. मी म्हणतो म्हणून."

तो काहीतरी बोलायला गेला, ऑपरेशन करता येतं, बरं होतं, असलं काही. मी म्हणालो, ते डॉक्टर सांगेल. मग त्यानं विचारलं, "शेवटी चौकोनात ब्रेक कसा मारलात, बाबा?" मी खुर्ची ओढून बसलो आणि त्याला सांगायला लागलो.