वकिलाच्या बंगल्यात वाचलेली माझी वही

वकीलसाहेबांनी मला फसवलं. माझी वही वाचून दाखवतो म्हणाले आणि माझ्या आईचं मरण हसण्यावारी नेलं.

मी खारवी. सुक्या मासळीचा धंदा स्वतःच्या जिभेवर उभा केला. वखारींच्या पाट्या वाचत अक्षरं शिकलो. लहानपणी आई पटकीने गेली, ते तिशी उलटल्यावर वहीत लिहिलं. शुद्धलेखन तपासायला वही वकीलसाहेबांकडे दिली. ते म्हणाले, "छान आहे रे. रविवारी बंगल्यावर साहित्यवाचन आहे, त्यात घेऊ. तूही ये."

मासळीची पाटी घेताना मी तळापर्यंत हात घालून बघतो. इथे काहीच विचारलं नाही. कोण वाचणार, मी कुठे बसणार. मान मिळतोय म्हटल्यावर अटी घालायची लाज वाटली.

बंगला कंपनी सरकारच्या वेळचा, मिठागरांवरच्या गोऱ्या साहेबाने बांधलेला. आत जाजम, तक्के, अत्तर. गड्याने मला अंगणातच अडवलं.

"इथंच बस. आत वास येईल."

मी दोनदा साबण लावून आलो होतो. तरी बसलो. आमच्या अकरा घरांची मासळी ज्या कातळावर सुकते, तो कातळ वकीलसाहेबांचा.

वाचायला त्यांचा भाचा उभा राहिला. माझं नाव घेतलं नाही. "आता जरा गंमत," म्हणाला. आई गेली तेव्हा बाहेर बांगडे वाळत होते. तिचे शेवटचे शब्द त्याने नाकातून, मान वेळावत म्हटले.

"बाला, बांगडं आत घी. आभाल आलाय."

सगळे हसले. एक म्हातारे मास्तर डोळे पुसत म्हणाले, "पुन्हा! पुन्हा!"

त्याने पुन्हा म्हटलं.

बंदरावर माझ्या आवाजाला दलाल वचकतात. इथे आवाज फुटेना. त्याने तिसऱ्यांदा मान वेळावली तेव्हा मी पायऱ्या चढलो. जाजमावरून गेलो. वही त्याच्या हातातून ओढून घेतली.

"अरे, लोकांना आवडतंय," वकीलसाहेब म्हणाले.

"मेली ती. एवढं बोलून मेली."

ते जवळ आले. हळूच म्हणाले, "कातळाचा विचार कर."

मंगळवारी निरोप आला. माफी माग, नाहीतर कातळ सोडा. आता अकरा घरं माझ्या तोंडाकडे बघताहेत. शेजारची काकी म्हणाली, "मापी मागू नको, बाला. पन भ्या वाटता रं."

मलाही वाटतं. रस्त्यात वकीलसाहेबांची छत्री दिसली तरी मी बोळात वळतो. हे लिहितानाही अक्षर वाकडं येतं. तरी माफी मागणार नाही.

एक बाई मरत होती आणि तुम्हाला हसू आलं. कशाचं आलं? वकीलसाहेब, उत्तर द्या. लेखी द्या. तुमच्या सहीनिशी.