विसर्जन होईपर्यंत

नामदेवदादा गेल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं तेव्हा मी लॅबमध्ये होते. "गेले गो ते. पहाटे, झोपेतच," एवढंच बोलल्या, आणि पलीकडून अंगणात येणाऱ्या माणसांचे आवाज ऐकू येत राहिले... हातातलं काम मी पुरं केलं, मग बाहेर जाऊन रडले. दादानं पाहिलं असतं तर म्हणाला असता, "बघा, बीएस्सीवाली रडते पण शिस्तीत."

मी गागोद्याची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मीच, आणि हे सांगताना मी आवाज खाली घेत नाही. पदवी घेतल्यावर रोह्याजवळ धाटावच्या एका रसायन कंपनीत लॅबमध्ये लागले आणि पेणच्या रामवाडीत खोली घेतली. पहाटे नाक्यावर कंपनीची बस यायची. पहिल्या दिवशी चढले तर आत सगळे पुरुष. दारातच थबकले. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवरून एक मिशीवाला उठला आणि मागं वळून ओरडला, "नीट बसा रे, बीएस्सी आली! आता शिव्या इंग्रजीत द्यायच्या." सगळी बस हसली, मीही हसले. तो दादा. प्लांटमधला जुना ऑपरेटर, युनियनचा माणूस, राहायला रामवाडीतच. त्या दिवसापासून ती सीट माझी झाली आणि तो दांडा धरून उभा राहायला लागला. नागोठणं येईपर्यंत माझी चेष्टा, पुढं रोह्यापर्यंत डुलकी, तीही उभ्यानं.

गणपतीत आमच्या शिफ्टची एक रीत होती. ड्युटी सुटली की सगळे मिळून एकेकाच्या घरी आरतीला जायचे. कुणाचं घर चुकवायचं नाही, कुणाकडे प्रसादाला नाही म्हणायचं नाही. ढोलकी दादाची. मी लागल्यानंतरच्या दुसऱ्या गणपतीत त्याच्याच घरी आरती झाली, आणि वहिनींचा धाकटा भाऊ सुरेश प्रसाद वाटत होता. सुरेशही आमच्याच प्लांटमध्ये, राहायला रोह्याला. दादासमोर येऊन तो म्हणाला, "भावोजी, नागोठण्याच्या कंपनीतून बोलावणं आलं होतं. नाय म्हनून कळवलं. आपली माणसं सोडून कुठं जायचं?" दादाची बोटं ढोलकीवर तशीच राहिली. मग त्यानं ढोलकी बाजूला ठेवली आणि म्हणाला, "खांदा दुखतो रे, दुसरा कोण तरी वाजवा." मला वाटलं, खरंच दुखत असेल.

विसर्जन झालं, आम्ही कामावर गेलो, तर गेटवर नोटीस. अर्धा प्लांट बंद, शेवटी लागलेले आधी जाणार. त्यात सुरेश होता, मी होते. आणि त्याच दिवशी कळलं की दादाला हे गणपतीच्या आधीपासून माहीत होतं.

साहेब लोकांना आपल्या मर्जीतली माणसं ठेवायची होती. दादानं धरून ठेवलं की कमी करायचे तर नियमानं, शेवटी आलेला आधी जाईल, मग तो कुणाचाही असो. साहेबांनी ते मान्य केलं, पण अट घातली. हातातला माल पुरा होऊन गाड्या भरेपर्यंत, म्हणजे विसर्जन होईपर्यंत, बाहेर एक शब्द जाता कामा नये. फुटलं तर नियम रद्द. दादा गप्प राहिला. लोकांचा सण तरी गोड जाईल, असंही त्याला वाटलं. कंपनी अशीच वागते. निवड कशी झाली ते मोठ्यानं सांगते, वेळ मात्र स्वतःच्या सोयीची घेते, आणि ती सांभाळायला आपल्यातलाच एक माणूस उभा करते. हे मी तेव्हाही बोलले होते, आजही लिहिते.

सुरेश गेटवरच भडकला. "माझ्या हातचा प्रसाद खाल्लात भावोजी, आनि तोंड शिवून बसलात?" सुरेशनं त्या दिवसापासून ताईच्या घरी येणं सोडलं. पुढं मिळेल ते काम करत राहिला, तसं कायम काम मात्र मिळालं नाही.

पेणमध्ये मला दुसरी लॅब मिळाली, तेव्हा पेढे घेऊन दादाकडे गेले आणि म्हटलं, "मेहुण्याला तरी सांगायचंस." तो पडवीत बसला होता, रस्त्याकडे बघत. "त्याला सांगितलं असतं तर तुला का नाय? तुला सांगितलं तर बाकीच्यांनी काय केलं होतं? माझा मेहुना तेवढा वाचला, असं झालं असतं गो." मग म्हणाला, "पन तो प्रसाद... तो घशाखाली उतरत नाय अजून."

मला त्याचं पटलं होतं का? अर्धं. आज त्याच्यासमोर बसून उरलेल्या अर्ध्यावर भांडायची फार इच्छा होते. माझ्याशी भांडताना तो खुशीत असायचा. निवृत्त झाल्यावरही संध्याकाळी रोह्याची गाडी नाक्यावर थांबली की मान वर करून उतरणारी माणसं बघायचा. वहिनी म्हणायच्या, "कुनाची वाट बघताव?" तो म्हणायचा, "कुनाची नाय. चा दे."

तो गेला तेव्हा सुरेश आला. स्मशानात लांब उभा राहिला आणि तिथूनच परत गेला.

आमच्याकडे गणपतीचा पाट पावसाळ्याच्या सुरुवातीलाच मूर्तींच्या कारखान्यात नेऊन देतात, त्याच पाटावर मूर्ती घडते. दादानं यंदाही दिला होता. तो गेल्यामुळे या वर्षी घरात गणपती बसणार नव्हता, पण मूर्ती तर रंगून तयार. वहिनींनी मला कारखान्यात धाडलं, म्हणाल्या, दुसऱ्या कुणाला देऊन टाका म्हणावं. गेले तर मूर्तिकार म्हणाला, "ती सकाळीच गेली. रोह्याचा मेहुणा घेऊन गेला."

आरतीला मी रोह्याला गेले. आमच्या शिफ्टमधले, राहिलेले आणि काढलेले, दोन्ही आले होते. ढोलकी सुरेशनं वाजवली, वाईट वाजवली. कुणी हसलं नाही.

दीड दिवसानं विसर्जन करून सुरेश पाट घेऊन रामवाडीत आला, रिवाजाप्रमाणे त्यावर नदीची वाळू घेऊन. इतक्या वर्षांनी ताईच्या उंबऱ्याशी उभा. वहिनींनी पाट हातात घेतला, वाळू तुळशीत ओतली आणि पाट पालथा केला. मागं तेलरंगात दादाच्या अक्षरात त्याचंच नाव होतं, पाण्यानं ओलं झालेलं. वहिनींनी पदरानं सगळा पाट पुसला, ती अक्षरं तेवढी सोडली.

सुरेश पडवीत दादाच्या जागेवर बसला आणि रस्त्याकडे बघत म्हणाला, "ताय, चा ठेव. घाई नाय मला."