दाराला बांधलेलं कापड

भांडण फळीच्या पलीकडे चाललं होतं आणि फळीला भोक होतं. त्यामुळे ते माझ्या कानावर पडलं, यात माझा काही दोष नाही. मी तेव्हा नवी नवरी होते. रात्रभर वादळ होऊन गेलं होतं, उजाडलं होतं, आणि आमची अख्खी गल्ली शाळेच्या इमारतीत ओल्या कपड्यांनी बसली होती. एका मोठ्या खोलीत मधे फळ्या ठोकून दोन वर्ग केलेले. अलीकडे आम्ही, पलीकडे आमच्या शेजारची बहीणभाऊ.

"काठी कोपऱ्यात नव्हती!" भाऊ ओरडत होता. "काठी नाही म्हणजे आबा गेले, असंच समजणार ना माणूस?"

"काठी मी आणली. आधी गाठोडं आणि काठी इथं ठेवायची, मग आबांना हाताला धरून आणायचं, असं ठरवलं होतं मी."

"मग सांगून जायचंस!"

"कुणाला सांगू? तू होतास घरात? आणि कापड बांधायच्या आधी एक हाक मारायला तुझं तोंड दुखत होतं?"



"तू काठी नेलीस, ताई," तो म्हणाला.

"तू कापड बांधलंस," ती म्हणाली.

त्यानंतर ती दोघं सरळ बोलली ती थेट म्हातारपणी.

कापडाचं सांगते. आमची वस्ती समुद्राला लागून. वादळाचा भोंगा वाजला की सगळ्यांनी टेकाडावरच्या शाळेत जायचं, आणि घरातून शेवटी निघणाऱ्याने दाराच्या कडीला लाल कापड बांधायचं. म्हणजे घर रिकामं आहे. दोर घेऊन शोधायला निघालेली माणसं ज्या दाराला कापड नाही तिथंच शिरायची. रिकाम्या घरासाठी कुणी जीव धोक्यात घालू नये म्हणून ही पद्धत. चांगलीच पद्धत होती, पुष्कळ माणसं तिच्यामुळे वाचली.

फक्त एक म्हातारा गेला. आबांना, म्हणजे त्या दोघांच्या वडिलांना, ऐकू कमी यायचं. ते मागच्या खोलीत आडवे झाले होते. बहीण काठी घेऊन पुढे गेली. भाऊ बंदरावरच्या कारखान्यातून धावत आला, कोपऱ्यात काठी दिसली नाही, त्याने कापड बांधलं आणि पळाला. बहीण आबांना आणायला परत निघाली तर रस्त्यात लोक म्हणाले, "तुमच्या दाराला कापड आहे, तुझा भाऊ येऊन गेला." तिला वाटलं, बरं झालं, त्याने नेलं. शाळेत एवढी गर्दी की कोण कुठल्या खोलीत ते सकाळपर्यंत कळेना. सकाळी दोघं समोरासमोर आली, आणि दोघांच्याही शेजारी आबा नव्हते.

बहिणीचं खरं नाव गल्लीत कुणी घेत नसे. मोठी माणसं तिला हाकवाली म्हणायची, पोरं हाकवाली मावशी.

ती कपडे शिवायची. आमच्या घराला लागूनच तिचं घर. खिडकीपाशी पायाचं मशीन, भिंतीला खुंट्यांवर अर्धे शिवलेले झगे आणि सदरे, आणि मशीनमागच्या कोपऱ्यात आबांची काठी. लग्न केलं नाही. का नाही केलं विचारलं तर म्हणायची, "मापं सगळ्यांची घेतली, पण कुणी अंगाला बसेना." बोलणं हे असं. एकदा मी तिच्याकडून पोलकं शिवून घेतलं आणि ते घट्ट झालं म्हणून तक्रार घेऊन गेले, तर मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "पोलकं मी दिलं तसंच आहे."

भाऊ होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. हात कोपरापर्यंत काळे, आणि तोंड इंजिनासारखं, आधी खोकायचं आणि मग चालू व्हायचं. लग्न झाल्यावर तो गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. मधे काही घरं आणि एक न्हाव्याचं दुकान. तेवढं अंतर चालायला दोघांना अख्खं आयुष्य लागलं.

आता वादळांना माणसांसारखी नावं देतात. पूर्वी नावं नव्हती, आम्ही जे गेलं त्यावरून ओळखायचो. छपरांचं वादळ, विहिरीत खारं पाणी शिरलं ते वादळ, होडी उचलून टपाल कचेरीच्या पायरीवर ठेवली ते वादळ. माझा थोरला होडीच्या वादळातला. त्याच्या जन्माचं साल मला आठवत नाही, पण पायरीवरची ती होडी अजून डोळ्यांसमोर आहे. फक्त आबांच्या वादळाला कुणी काही म्हणायचं नाही. "त्या वर्षी" एवढंच.

त्या वर्षानंतर प्रत्येक भोंग्याला हाकवाली गल्लीभर फिरायची. चिंध्यांतून फाडलेल्या लाल पट्ट्या खांद्यावर टाकलेल्या. ज्यांच्याकडे कापड नसेल त्यांना द्यायची, आणि ज्यांनी कापड बांधलेलं असेल त्यांचंही दार उघडायची. आत जाऊन प्रत्येक खोलीच्या तोंडाशी उभं राहून ओरडायची, "घरात कोण आहे?"

लोक वैतागायचे. "कापड बांधलंय, दिसत नाही का बाई?"

"कापड दिसतंय. माणूस नाही दिसला जाताना."

न्हावी मोठा आळशी. तो एकदा आतून म्हणाला, "अंघोळ करतोय!"

"वादळ घालेल तुला अंघोळ, साबण घेऊन बाहेर ये."

पुढे एकदा कापड बांधलेल्या एका घरात तिला शेजारच्या बाईची सासू सापडली. सगळ्यांबरोबर निघाली होती, पण चूल विझवायची राहिली म्हणून वाटेतून परत फिरली होती. सुनेच्या ते गावीही नव्हतं. त्या दिवसापासून हाकवालीला कुणी हसलं नाही. उलट ती येऊन गेल्याशिवाय कडीला कापड बांधायचं नाही, असंच गल्लीत रूढ झालं.

भावाच्या घरापाशीही ती थांबायची. बाहेरूनच, पायरी न चढता. "घरात कोण आहे?"

आतून उत्तर यायचं, "कोणी नाही."

हे ऐकलं की मान हलवून पुढे. ती कोपऱ्यावर वळली की भाऊ बायकोपोरांना घेऊन निघायचा. दरेक वादळाला एवढंच बोलणं. ती विचारणार, तो कोणी नाही म्हणणार. त्याची बायको मला म्हणाली होती, "कापडाला हात लावत नाहीत हो. दार ओढून घेतात आणि मला म्हणतात, तू बांध."

एकदा भर दुपारी ती बटणं लावत बसली होती, मी सुई ओवून देत होते. उगाच बोलावं तसं म्हणाली, "मला एकच करायचंय. एकदा त्याला हाताला धरून शाळेपर्यंत चालत न्यायचंय. आबांना नेणार होते तसं. तेवढं झालं की सुटले."

"मग जा की. गल्लीच्या टोकाला तर राहतो."

"असं उगीच कसं जाऊ? भोंगा तरी वाजू दे."

असे किती भोंगे वाजले. तिच्या पट्ट्या खांद्यावरून पिशवीत गेल्या, आवाज फाटला, गुडघे गेले. मी म्हटलं, "कोपऱ्यात काठी आहे ती घे की."

"ती माझी नाही," म्हणाली, आणि छत्री टेकत चालायला लागली. भावाची बायको वारली तेव्हाही ती गेली, पण अंगणात बायकांत उभी राहून परत आली.

मग ते शेवटचं वादळ. म्हणजे तिचं शेवटचं. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी मशीनवर बसल्या बसल्या गेली, सुई कापडातच होती. पण तेव्हा हे कुणाला ठाऊक नव्हतं.

दुपारची वेळ. आभाळ पितळेच्या जुन्या भांड्यासारखं झालं होतं. हल्ली फोनवरच सगळं कळतं, माणसं न्यायला गाड्याही येतात, त्यामुळे गल्ली लवकर रिकामी झाली. मी गाठोडं घेऊन तिच्याकडे गेले तर ती फेरीला निघालेली. एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात आबांची काठी.

"आज काठी घेतलीस?"

"पोचवायची आहे."

मी तिच्या दंडाला धरून निघाले. घर, हाक, पुढचं घर, हाक. तिच्या चालीने गल्लीचं टोक गाठेपर्यंत वाऱ्याने पत्रे वाजवायला सुरुवात केली होती. भावाच्या दारात त्याचा मुलगा कपाळाला हात लावून उभा. कडीवर कापड लटकत होतं, गाठ मारलेली नव्हती.

"आत्या, तुम्हीच सांगा आता. गाडी येऊन गेली. मी उचलून नेतो म्हटलं तर मारायला उठले. म्हणतात माझं माणूस यायचंय."

"तू जा पोराबाळांकडे," ती म्हणाली. "मी आलेय."

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली तेव्हा गेला.

तिने छत्री माझ्याकडे दिली. आयुष्यात पहिल्यांदा ती पायरी चढली आणि दारात उभी राहिली. "घरात कोण आहे?"

आतून खोकला आला. मग, "उशीर केलास."

"गुडघे बघ माझे, मग बोल."

तो खुर्चीत बसला होता, अंगात बाहेर जायचा कोट, पायांत बूट. तिने काठी त्याच्यापुढे धरली. त्याने मुठीवरून अंगठा फिरवला. आबांच्या हाताने तिथे खळगा पडला होता.

"ही अजून आहे?"

"काठीला काय होतंय. ऊठ."

एका हाताने काठी टेकत, दुसरा तिच्या हातात देऊन तो उठला. दाराशी आल्यावर तिने कडीवरचं कापड काढून त्याच्यापुढे धरलं. मला वाटलं, आता माझ्याकडे देईल आणि म्हणेल, तू बांध. पण तो तिचा हात सोडून मागे वळला. स्वयंपाकघर, मधली खोली, मागची खोली. प्रत्येक ठिकाणी काठी टेकून उभा राहिला आणि फाटक्या आवाजात विचारलं, "घरात कोण आहे?" मागच्या खोलीशी जरा जास्त वेळ थांबला. मग आला आणि गाठ मारली. दोनदा सुटली. तिने मदत केली नाही.

आम्ही निघालो. ती त्याला हाताला धरून, मी मागून छत्री आणि गाठोडं घेऊन. वाऱ्यात काही ऐकू येत नव्हतं, तरी दोघांची काहीतरी कुरबुर चालू होती. बहुतेक चालण्यावरून. तो म्हणत असेल हळू, ती म्हणत असेल याहून हळू म्हणजे उभंच राहायचं. न्हाव्याच्या घरापाशी ती एकदम थांबली.

"इथं धर," तिने त्याचा हात खांबाला लावला. "येताना या घराला आतून कडी होती म्हणून हे राहिलं."

"अगं कापड आहे की त्याला," तो म्हणाला.

तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. मग दार ढकलून ती आत शिरली, आणि वाऱ्यावरून तिची हाक मला स्पष्ट ऐकू आली. "घरात कोण आहे?"