झुरिकमधली मधाच्या वासाची रांग

आमच्या घरात थंडी म्हणजे ऑफिसातला एसी. सिंगापुरातल्या आंग मो किओ भागातल्या फ्लॅटमध्ये बारा महिने पंखे गरगरतात आणि डिसेंबरातही एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनापर्यंत चालत गेलं की पाठ भिजते. त्यामुळे झुरिकच्या हॉटेलातून आम्ही चौघं पहिल्या सकाळी बाहेर पडलो तेव्हा मी जवळजवळ नाचतच होते. नाक झोंबत होतं, कान दुखत होते, आणि मला ते सगळं भयंकर आवडत होतं. सिंगापुरात वाढलेली आमची लेक दर चार पावलांनी तोंडातून वाफ सोडून दाखवत होती. नवरा मोबाईलवर नकाशा धरून पुढे, आणि आमच्यामध्ये साडीवर दोन स्वेटर आणि माझा लांब कोट चढवलेल्या सासूबाई.

सासूबाई सहा वर्षांपूर्वी पुण्याहून आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या. तेव्हापासून ‘मला अमुक हवं’ असं त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलेलं नाही. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या बाजारात, काय आणू विचारलं तर “तुमचं झालं की त्यातलंच घेईन थोडं.” त्यांच्या खोलीचे पडदे कुठल्या रंगाचे? “तुम्हाला आवडतील ते.” ओळखीच्या बायका म्हणतात, नशीबवान आहेस, किती समजूतदार सासू! मला मात्र संताप येतो. अंदाज बांधत बसायचं मी, आणि चुकला तर त्या हसून गोड मानून घेणार. आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटतं. सहा वर्षं एका घरात राहून त्या अजून संकोचानंच वावरतात. या सहलीत त्यांना एक तरी गोष्ट स्वतःहून मागायला लावायची, असा मी पणच केला होता.

सकाळभर प्रयत्न केले. ट्राममध्ये बसायचं की चालायचं? “तुम्ही म्हणाल तसं.” नदीच्या या बाजूचं चर्च की त्या बाजूचं? “दोन्ही छानच दिसतायत.” हॉट चॉकलेट घ्यायला थांबलो तर “मला कशाला अख्खा कप, तुझ्यातलं घोटभर दे.” मी हट्टानं अख्खा कप आणून हातात दिला, तर त्यांनी त्यातला अर्धा लेकीच्या कपात ओतला. मी दातओठ खाल्ले आणि जुन्या गल्ल्यांतली रोषणाई बघत पुढे चालू लागले.

जेवणाचं टेबल मी महिनाभर आधी राखून ठेवलं होतं. वितळलेल्या चीजमध्ये पाव बुडवून खायचं ते फाँड्यू वाइन न घालता करून द्या, म्हणून रेस्टॉरंटच्या लोकांना ईमेल पाठवून पाठवून मी बेजार केलं होतं. जेवणाला वेळ होता म्हणून तळ्याकाठी हंस बघायला गेलो, आणि तिथे एका मोठ्या तंबूबाहेर नवऱ्याला रांग दिसली.

सिंगापुरात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला लांब रांग दाखवू नये. रांग जितकी लांब तितकं खाणं अस्सल, यावर आमच्या नवऱ्याची देवापेक्षा जास्त श्रद्धा. शिवाय तंबूतून वाफ येत होती आणि मधाचा असा काही घमघमाट सुटला होता की माझ्याही तोंडाला पाणी सुटलं.

“मधाचा केक असणार,” तो म्हणाला, आणि आम्ही उभे राहिलो.

पायांची बोटं बधिर होईपर्यंत उभे राहिलो. बाहेर येणाऱ्या माणसांकडे निरखून बघत लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “बाबा, नोबडी इज ईटिंग, लाह.” बाबांनी तिकडे काणाडोळा केला. शेवटी आत शिरलो, तर केक नाही, पाव नाही, काही नाही. मोठमोठी पातेली, त्यांत वितळलेलं मधमाशांचं मेण, आणि लोक वात बुडवून मेणबत्त्या बनवतायत! नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. लेक हसून हसून खाली बसली. माझ्या पोटात कावळे ओरडत होते, आणि टेबलाची वेळ जवळ येत होती.

“चला, निघू या,” मी म्हटलं आणि वळले. सासूबाई मागे नव्हत्याच. त्या पातेल्याशी उभ्या होत्या, हातात वात घेऊन.

वात बुडवायची, उचलायची, मेण थिजेपर्यंत एक चक्कर मारायची, पुन्हा बुडवायची. सासूबाई तंबूभर फिरत होत्या. कोटाच्या बाह्या वर सारलेल्या, गाल लाल झालेले. मेणबत्ती वाकडी होत होती, वांग्यासारखी खाली फुगत होती, आणि त्या तिच्याकडे डोळे मोठे करून बघत होत्या. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

“आई, पुरे आता,” मी घड्याळ दाखवत म्हणाले. “टेबल जाईल आपलं.”

त्यांनी मान वळवूनही बघितलं नाही. “जाऊ दे गेलं तर. मला अजून जाड हवीय.”

मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्यानं माझ्याकडे. तो काही बोलणार होता, मी त्याच्या पायावर पाय दिला. मग कोपऱ्यात जाऊन मी रेस्टॉरंटला फोन केला आणि टेबल सोडून दिलं. फोन ठेवताना माझा आवाज एवढा आनंदी होता की पलीकडच्या बाईला चमत्कारिकच वाटलं असेल.

बाहेर पडलो तेव्हा भुकेनं सगळ्यांचे जीव कासावीस झाले होते. तळ्याकाठच्या एका टपरीवर उकडलेल्या बटाट्यांवर वितळलेलं चीज खरवडून घालत होते, बाजूला लोणच्यातली काकडी. पहिली डिश आली. सवयीनं मी चार काटे घेतले आणि वाटे करायला पुढे झाले.

सासूबाईंनी डिश आपल्याकडे ओढली.

“ही माझी,” त्या म्हणाल्या. “तुला हवी तर दुसरी सांग.”

आणि त्या तिथेच, त्या गारठ्यात, फुंकर घालत, चटके सोसत, आम्हा तिघांपैकी कुणालाही न विचारता जेवायला लागल्या. मी उपाशी, गारठलेली, चार काटे हातात घेऊन बघत उभी राहिले आणि मला रडूच आलं.