आधी काढलेली वाटी

आमच्या लग्नात एकच अट होती आणि ती तिने घातली होती. "मी मटणाला हात लावणार नाही. वाटण मात्र माझ्याच हातचं असेल." ती शाकाहारी घरातली, मी कुठल्याच तत्त्वाचा नाही. केंद्र सरकारच्या नोकरीने दिल्लीत आणलं, पुढे गाझियाबादला फ्लॅट घेतला. घरं बदलली, अट तीच राहिली.

रविवारी मटण मी धुवायचो. ती स्वयंपाकघराच्या दाराबाहेर प्लास्टिकच्या स्टुलावर बसून हुकूम सोडायची. "अजून एक पाणी. पिळा नीट. बास आता." तिने 'बास' म्हटल्याशिवाय नळ बंद करायचा नाही. मटण कुकरमध्ये वेगळं शिजायचं. रस्सा ती करायची. त्यात मटण पडण्याआधी ती स्वतःची एक वाटी काढून ठेवायची. वाटी निघाली की मी मटण ओतायचो. चाळीस वर्षांत हा क्रम एकदाही चुकला नाही. आमच्या खात्यातल्या कुठल्याच नियमाबद्दल मला असं म्हणता येणार नाही.

मग ती आजारी पडली आणि जेवण सुटलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. मोठ्या डॉक्टरांनी, मागे चार शिकाऊ उभे करून, पायाभरणीच्या समारंभात बोलावं तसं सांगितलं, "प्रोटीन." पुढे म्हणाले, "अंडं, चिकन, काहीतरी द्या." ती त्यांच्याकडे बघून नम्रपणे हसली. तो नकार होता, हे त्या खोलीत फक्त मला कळलं.

मुलगा गुरुग्रामला राहतो, एका युरोपियन राजवाड्याचं नाव लावलेल्या सोसायटीत, एकविसाव्या मजल्यावर. त्याने स्लो कुकर पाठवला. फोनवर म्हणाला, "बाबा, चिली बनवा, ती मेक्सिकन राजमा-खिम्याची उसळ. सगळं आत टाकायचं आणि आठ तास विसरून जायचं."

"विसरायला मला यंत्र लागत नाही."

"यार बाबा, ऐका तर. तुमच्यासाठी खिमा घाला. आईची बिल्कुल खिम्याशिवाय काढा, राजमा जास्त."

राजमा तिने आधीच नाकारला होता, पनीरही. आपण काय करणार आहोत, हे मी त्याला सांगितलं नाही.

दुकानदाराला खिमा तीनदा मशीनमधून काढायला सांगितला. "क्या बाऊजी, दाँत गए क्या?" तो म्हणाला. मी हो म्हटलं. त्या दिवसाचं पहिलं खोटं तिथेच बोलून झालं.

ती आत झोपली होती, स्टूल रिकामं होतं. खिमा चाळणीत घेतला, दोन पाणी दिली, घाईघाईत पिळला. लोखंडी कढईत परतताना गुठळ्या राहू नयेत म्हणून चमच्याने इतका चिरडला, की मलाही तो डाळीच्या भरड्यासारखा दिसू लागला. पाणी आटलं, सुटलेली चरबी निथळून टाकली. राजमा साध्या कुकरमध्ये आधीच शिजवून घेतला होता. तो, खिमा, टोमॅटो, जिरं, लाल तिखट, सगळं त्या नव्या भांड्यात गेलं. वाटी मी काढली नाही.

संध्याकाळी तिला उशीला टेकवून बसवलं. तिने चमचा तोंडाजवळ नेला आणि थांबली.

"माझी वाटी आधी काढलीत ना?"

"हो."

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग खाल्लं. एक चमचा, दोन, चार. वाटी निम्मी संपली. महिन्याभरात तिने एवढं खाल्लं नव्हतं. मुलाला फोन केला तेव्हा माझा आवाज बदली रद्द झालेल्या कारकुनासारखा होता. "आईने जेवण घेतलं," मी म्हणालो. तो म्हणाला, "बघा, म्हटलं होतं ना." स्लो कुकरचं कौतुक आम्ही दोघांनी बराच वेळ केलं.

दोन दिवसांनी दुसरा खिमा आणून फ्रीझरमध्ये ठेवला. फ्रीजचं दार वाजल्याबरोबर आतून हाक आली, "अहो."

मी गेलो. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"रविवारी खिमा धुवाल तेव्हा मला हाक मारा. मी स्टुलावर येऊन बसते."

"कशाला दगदग?"

"तुम्ही नीट पिळत नाही. परवा वास येत होता."

तिने कूस बदलली नाही, म्हणून माझा चेहरा तिला दिसला नाही. तिने मुद्दामच बदलली नसावी.

शुक्रवारी तिला हॉस्पिटलमध्ये हलवलं. रविवार तिथेच उजाडला. ती परत आली नाही.

तेराव्यानंतर मुलगा म्हणाला, "बाबा, फ्रीझरमधलं ते काय आहे? टाकून देऊ?" मी नको म्हटलं. तो गुरुग्रामला गेल्यावर खिमा बाहेर काढला. बर्फ सुटेपर्यंत थांबलो, स्टूल दाराबाहेर नेहमीच्या जागी ठेवलं आणि चाळणी नळाखाली धरली. पहिलं पाणी लाल गेलं, दुसरं गुलाबी. तिसऱ्यानंतर पिळला, चौथ्यानंतर पुन्हा पिळला. पाणी आता स्वच्छ होतं, पाचवं, सहावंही. बोटं बधिर झाली होती. नळ चालूच होता. बास म्हणायला कोणी नव्हतं.